वाकलेला फायबर: प्रकाश-सेन्सर शिकायला घरून सुरुवात

भाच्याच्या मुलीला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी 'ऑप्टिकल फायबर सेन्सर' हा विषय मिळाला आणि ती तडक माझ्याकडे आली. "मावशीआजी, ही तर इंटरनेटची वायर. हिनं मी मोजू काय?" तिला पुढचे दोन महिने जे करायला लावलं, तेच इथं क्रमानं लिहिते आहे. मी इंदुरात कॉलेजात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेत असे, त्यामुळे आधी हात आणि मग सूत्र ही सवय जात नाही. विज्ञान शाखेचे असाल-नसाल, मल्टीमीटर धरता आला म्हणजे झालं.

सुरू करण्याआधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. टेलिफोनवाल्यांच्या लेखी फायबर वाकला, ताणला, तापला आणि त्यातला प्रकाश बदलला की ती कटकट. ते सगळं आयुष्य ही कटकट कमी करण्यात घालवतात. सेन्सरवाल्याला नेमकी तीच हवी असते. त्यामुळे सेन्सर बनवणं फारसं अवघड नाही, कारण फायबर सगळ्याच गोष्टींनी बदलतो. अवघड आहे ते हे ठरवणं, की आत्ता जो बदल दिसला तो कशामुळे.

फायबर म्हणजे काय, एका परिच्छेदात

मधे गाभा, भोवती आवरण. गाभ्याचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो याचा आकडा) आवरणापेक्षा किंचित जास्त, म्हणून तिरका पडलेला प्रकाश सीमेवरून पुन्हा आत वळतो आणि असाच आपटत पुढं जातो. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन. दहावीच्या पुस्तकात असतं आणि आपण परीक्षेनंतर विसरतो. जिनिव्हाच्या कोलादोननं १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाश वाहून दाखवला होता. १९५४ मध्ये लंडनला नरिंदरसिंग कपानी आणि हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवलं. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवलं की काच पुरेशी शुद्ध केली तर हा तंतू दूरवर संदेश नेईल. त्याबद्दल त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. आजच्या चांगल्या काचेच्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा ऱ्हास किलोमीटरला साधारण ०.२ डेसिबल असतो. ३ डेसिबल म्हणजे निम्मं. म्हणजे इंदूरच्या राजवाड्याला सोडलेला प्रकाश राऊच्या पुढं, १५ किलोमीटरवर, निम्मा उरतो. प्लास्टिकच्या फायबरमध्ये, तोही चांगल्यातला असला तर, हाच निम्मा होण्याचा प्रकार १५ मीटरमध्ये उरकतो. आपल्याला दोन मीटरच लागणार आहे, म्हणून सुरुवात प्लास्टिकनं.

पहिली पायरी: सामान

१ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिक फायबर, पाच मीटर. देवघराच्या आणि गाडीच्या आतल्या सजावटीत जो टोकाला चमकतो तोच. पण बाजूनं चमकणाराही मिळतो, तो घेऊ नका. त्यातून प्रकाश मुद्दाम गळवलेला असतो. लाल रंगाचे, पारदर्शक डोक्याचे ५ मिलिमीटरचे दोन-तीन एलईडी. दोन फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे प्रकाश पडेल तशी वीज जाऊ देणारे डिटेक्टर. २२० ओहम आणि १० किलो-ओहमचे रेझिस्टर, ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर, काळी श्रिंक ट्यूब, काळी चिकटपट्टी. हे सगळं महाराणी रोडला तासाभरात होतं, फक्त फायबर कधीकधी ऑनलाइन मागवावा लागतो. दुकानदार फोटोट्रान्झिस्टरऐवजी एलडीआर, म्हणजे प्रकाशानं बदलणारा रेझिस्टर, देऊ करेल. स्वस्त असतो, पण तो सुस्त असतो आणि प्रकाश दुप्पट झाला म्हणून त्याचं उत्तर दुप्पट होत नाही. खेळायला ठीक, मोजायला नाही.

लेझर पॉइंटर मुळीच नको. डोळ्याला धोका आहेच, शिवाय त्याचा प्रकाश फायबरमधून ठिपक्याठिपक्यांचा निघतो आणि तार नुसती हलली तरी ठिपके नाचतात. नवशिक्याला वाटतं सेन्सर फार संवेदनशील झाला.

दुसरी पायरी: टोकं

इथं लोक घाई करतात आणि मग आठवडाभर सर्किटला दोष देतात. कात्रीनं कापलेलं टोक चेपतं. नवं ब्लेड घ्या, फायबर कडक पाटीवर ठेवा, काटकोनात एकाच दाबात कापा. मग पाण्यात भिजवलेल्या १००० नंबरच्या आणि नंतर २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर टोक उभं धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवा. दुसरं टोक ट्यूबलाइटकडे धरून हे टोक बघा: गोल, स्वच्छ, सगळीकडे सारखं उजळ दिसायला हवं. कडेला चंद्रकोरीसारखी सावली असेल तर पुन्हा घासा.

एलईडीच्या डोक्यात फायबर बसण्यापुरतं, १ मिलिमीटरपेक्षा किंचित मोठं भोक पाडायचं. ड्रिलचं पातं हातानंच फिरवा, आतला बारीकसा चौकोन आणि त्याची केसासारखी तार दिसते, तिच्या बरंच अलीकडं थांबा. एक-दोन एलईडी वाया जातील, जाऊ द्या. चिकटवायला दोन नळ्यांचं एपॉक्सी वापरा. झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची वाफ प्लास्टिकवर पांढरी साय धरते, आणि केलेलं पॉलिश वाया जातं. दुसरं टोक फोटोट्रान्झिस्टरच्या तोंडाशी श्रिंक ट्यूबमध्ये पक्कं करा, वरून काळी पट्टी.

सर्किट साधं आहे. एलईडी २२० ओहममधून ५ व्होल्टला. फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर ५ व्होल्टला, एमिटर १० किलो-ओहममधून जमिनीला, आणि मल्टीमीटर त्या १० किलो-ओहमवर. व्होल्टेज जास्त म्हणजे प्रकाश जास्त. सरळ फायबरला आकडा ५ च्या जवळ जाऊन अडकला असेल तर १० ऐवजी लहान रेझिस्टर लावा. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) असेल तर तेच टोक त्याच्या अ‍ॅनालॉग पिनला. तो ० ते ५ व्होल्ट ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो, म्हणजे एक पायरी साधारण ५ मिलिव्होल्टची.

तिसरी पायरी: पेला, टॉर्चचा सेल, पेन्सिल सेल

फायबर टेबलावर सरळ ठेवून व्होल्टेज लिहा. मग स्टीलच्या पेल्याभोवती एक वेढा, आकडा लिहा. टॉर्चच्या मोठ्या सेलभोवती एक वेढा, लिहा. पेन्सिल सेलभोवती, लिहा. दर वेढ्यानंतर फायबर सोडून सरळचा आकडाही पुन्हा लिहा. हे कुणी करत नाही आणि इथंच खरी गंमत आहे.

पेल्याला जवळपास काही फरक पडणार नाही. पेन्सिल सेलला आकडा धाडकन खाली येईल. खोलीत अंधार केलात तर वाकणावर लाल प्रकाश बाहेर सांडताना डोळ्यांनी दिसेल. कारण सरळ आहे: वळणावर किरण सीमेवर कमी तिरका पडतो, मर्यादा ओलांडली की परावर्तन पुरं होत नाही. या जातीच्या फायबरची सुरक्षित वळणाची त्रिज्या २० ते २५ मिलिमीटर असते आणि पेन्सिल सेलची जेमतेम ७.

आता सरळचे आकडे बघा. पेन्सिल सेलनंतरचा 'सरळ' हा पहिल्या 'सरळ'इतका नाही. प्लास्टिकला वाकण्याची आठवण राहते. प्रोजेक्टच्या वहीत मुलं हा आकडा खोडून पहिला लिहितात. खोडू नका. सेन्सर परत मूळ जागी येतो की नाही हा त्याच्या स्वभावाचा भाग आहे, आणि परीक्षकाला माहिती असेल तर तो आधी हेच विचारेल.

फायबर कोणत्या बाजूला वाकला हे कळायला हवं असेल तर एका बाजूचं आवरण तीन-चार सेंटीमीटर लांबीत पॉलिश पेपरनं हलकं खरवडा. खरवडलेली बाजू बाहेरच्या अंगाला आली की प्रकाश जास्त गळतो, आतल्या अंगाला आली की कमी. अशी पट्टी मोज्याला शिवून गुडघ्याचं वाकणं मोजता येतं, हातमोज्याला शिवून बोटाचं.

चौथी पायरी: एक रात्र नुसतं बसू द्या

हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची. सेन्सरला काहीही करू नका. सरळ ठेवा, आणि संध्याकाळी पाचपासून सकाळी नऊपर्यंत दर मिनिटाला आकडा नोंदवत राहा. आर्डुइनो नसेल तर झोपेपर्यंत दर अर्ध्या तासानं मल्टीमीटर बघा आणि उठल्यावर पुन्हा.

माझी फजिती सांगते. पुस्तकांच्या फळीखाली मी असाच फायबर ताणून लावला होता, फळी वाकते का बघायला. रोज संध्याकाळी आकडा चढायचा, सकाळी उतरायचा, अगदी घड्याळासारखा. लाकूड ओलाव्यानं फुगत असणार असा निष्कर्ष काढून मी दोन पानंही लिहिली. मग फायबर काढून टेबलावर नुसता ठेवला, तरी तेच. फळीचा काही संबंधच नव्हता. एलईडी खिडकीत होता. माळव्यातल्या रात्रीचं कौतुक उगाच नाही. दिवस कितीही तापला तरी रात्री हवा गार होते, आणि लाल एलईडी गार झाला की उजळतो, सामान्य तापमानाला अंशाला साधारण १ टक्का. मी पंधरा दिवस इंदूरची हवा मोजत होते.

यावर उपाय दोन.

पहिला, खोलीतला प्रकाश वजा करणं. एलईडी चालू असताना एक आकडा, लगेच बंद करून दुसरा, दोन्हींची वजाबाकी. बंद असतानाचा आकडा म्हणजे ट्यूबलाइट, ऊन, शेजाऱ्यांची दिवाळीची माळ. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा लपलपतो. म्हणून दोन्ही आकडे ६०-८० मिलिसेकंदांची सरासरी घेऊन लिहा.

दुसरा, आणि मोठा, रेफरन्स. त्याच एलईडीच्या डोक्यात शेजारी दुसरा फायबर बसवा, तो कुठंही न वाकवता दुसऱ्या फोटोट्रान्झिस्टरकडे न्या. मोजायचं ते एकट्या सेन्सरचं व्होल्टेज नाही, दोन्हींचं गुणोत्तर. एलईडी मंद झाला तर दोन्ही मंद होतात, गुणोत्तर तिथंच. दोन्ही फोटोट्रान्झिस्टर एकाच डबीत, जवळजवळ ठेवा, म्हणजे त्यांचं तापमानही एक. त्या मुलीनं दुसरा फायबर लावल्यावर रात्रीचा डोंगर सपाट झाला, अगदी सपाट नाही, पण टेकाड राहिलं. ते टेकाड किती उंच आहे तो तुमच्या सेन्सरच्या भरवशाचा आकडा. त्याहून लहान बदल दिसला तर बातमी समजू नका.

पाचवी पायरी: पाक

हा प्रयोग नाश्त्यानंतर करा. फायबरच्या मधोमध दोन सेंटीमीटरचं आवरण सगळ्या बाजूंनी घासून काढा, तिथंच इंग्रजी यूसारखं वळण द्या आणि ते वाटीत बुडवा. प्लास्टिकच्या गाभ्याचा अपवर्तनांक १.४९, हवेचा १, पाण्याचा १.३३. गाभ्याभोवती हवा असेल तर सीमेशी ४२ अंशांपेक्षा तिरका किरण आत टिकतो. पाणी असेल तर ६३ अंशांपेक्षा तिरकाच टिकतो. हे कोन सीमेवरच्या लंबापासून मोजायचे. म्हणजे पाणी लागताच बरेच किरण सुटतात आणि व्होल्टेज पडतं. टाकीतल्या पाण्याची पातळी कळवणारा सेन्सर झाला, तोही पाण्यात वीज न नेता. पेट्रोलच्या टाकीत फायबर आवडतो तो ह्याचसाठी, ठिणगीची भीती नाही.

आता पाण्यात साखर. १० टक्के साखरेला अपवर्तनांक १.३४८, २० टक्क्यांना १.३६४, ५० टक्क्यांना १.४२. पाक दाटत जाईल तसा आकडा उतरत जातो. वजन करून पाच द्रावणं बनवा, पाच आकडे घ्या, आलेख काढा, मग आईनं जिलबीसाठी केलेला पाक थंड करून मोजा. थंड करूनच, कारण गरम द्रावाचा अपवर्तनांक कमी असतो, आणि प्लास्टिकचा फायबर ७०-८० अंशांपुढं बिघडतो. मधे दर वेळी फायबर कोमट पाण्यानं धुवा. चिकट थर राहिला तर पुढचं सगळं खोटं.

सहावी पायरी: काचेला हात लावताना

प्लास्टिकवर महिना घालवल्याशिवाय इकडे येऊ नका. काचेच्या फायबरचं आवरण १२५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), वरच्या रंगीत लेपासकट २५० मायक्रॉन, आणि आतला गाभा जेमतेम ९ मायक्रॉन. लेप काढलेल्या तुकड्याची कुसळं कातडीत शिरली की दिसत नाहीत. चष्मा घाला, काळ्या कागदावर काम करा, प्रत्येक तुकडा झाकणाच्या बाटलीत टाका, आणि त्या टेबलावर खाऊ नका.

घरात आलेल्या चालू फायबरचं टोक उपसून बघू नका. त्यात १४९० नॅनोमीटरचा प्रकाश येतो आणि १३१० चा जातो, दोन्ही डोळ्याला दिसत नाहीत. 'अंधारच तर आहे' म्हणून कुणी जवळून बघतं. सरावाला ब्रॉडबँड जोडायला येणाऱ्या मुलाकडून उरलेले तुकडे मागा, ते आनंदानं देतात. हिरव्या टोपीचा कनेक्टर निळ्याला जोडू नका. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं घासलेलं असतं, दोन्ही नीट बसत नाहीत.

एक गोष्ट फसवते. घरात येणारी तार भिंतीच्या कोपऱ्यात वळावी म्हणून मुद्दाम वाकणं सोसणारी बनवलेली असते, काही प्रकार ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत. तिच्यावर वाकण्याचा प्रयोग केलात तर काहीच दिसणार नाही आणि तुम्हाला वाटेल आपलंच चुकलं. लांब पल्ल्याचा साधा सिंगल-मोड फायबर शोधा, आणि १३१० ऐवजी १५५० वर मोजा. लांब तरंगलांबीचा प्रकाश वळणावर जास्त सुटतो.

सातवी पायरी: उजेड नको, रंग मोजा

आतापर्यंत आपण प्रकाश किती हे मोजलं. त्यात एलईडी, जोड, धूळ सगळे लुडबुडतात. प्रयोगशाळेत म्हणून फायबर ब्रॅग ग्रेटिंग, म्हणजे गाभ्यात कोरलेले बारीक पट्टे, वापरतात. १९७८ मध्ये कॅनडात केन हिल आणि सहकारी फायबरमध्ये आर्गॉन लेझरचा निळा-हिरवा प्रकाश सोडत होते. परत येणारा प्रकाश मिनिटागणिक वाढताना दिसला. प्रकाशानंच गाभ्यात बारीक पट्टे कोरले होते. १९८९ पासून बाजूनं अतिनील प्रकाश टाकून हवे तसे पट्टे कोरता येऊ लागले.

पट्ट्यांमधलं अंतर ५३५ नॅनोमीटरच्या आसपास असेल तर १५५० नॅनोमीटरचा एकच रंग परत फिरतो, बाकी पुढं जातात. फायबर ताणला की पट्टे दूर जातात, रंग सरकतो: मीटरमागं एक मायक्रॉन ताणासाठी १.२ पिकोमीटर. तापमान एक अंश वाढलं तर साधारण १० पिकोमीटर. जोड सैल झाला, प्रकाश निम्मा झाला, तरी रंग तोच. एका फायबरवर वेगवेगळ्या रंगांची ग्रेटिंग ओवता येतात, गजऱ्यासारखी.

पण वरचे दोन आकडे शेजारी ठेवा. एक अंश गरमी ही आठ मायक्रॉनच्या ताणासारखी दिसते. काळ्या मातीवरचं घर घ्या, आपल्याकडे निम्मी तशीच आहेत: पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, भिंतीला तडा जातो. तड्यावर ग्रेटिंग चिकटवलं आणि दुपारी रंग सरकला, तर तडा वाढला की भिंत तापली? उत्तर चौथ्या पायरीतलंच. शेजारी दुसरं ग्रेटिंग, न चिकटवता, सैल. ते फक्त गरमी सांगतं. ती वजा करा.

आठवी पायरी: अख्खा फायबरच सेन्सर

हे घरी होत नाही, पण समजून घ्या. फायबरमध्ये प्रकाशाचा अगदी छोटा ठोका सोडला की वाटेतल्या काचेच्या कणांवरून थोडाथोडा प्रकाश मागं फिरतो. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन मीटरला १० नॅनोसेकंद. प्रतिध्वनी किती वेळानं आला त्यावरून तो कुठून आला हे कळतं. १९७६ मध्ये बार्नोस्की आणि जेन्सन यांनी ही पद्धत मांडली. केबल कुठं तुटली हे शोधायला ती आजही वापरतात.

परतणाऱ्या प्रकाशात तीन जाती. रॅले: रंग तोच, यातून कंप ऐकता येतो. ब्रिल्वाँ: वारंवारता साधारण ११ गिगाहर्ट्झनं सरकते, ती ताण आणि तापमान दोन्ही सांगते. आणि रामन, १९२८ मध्ये कोलकात्याला सी. व्ही. रामन यांना सापडलेला. त्यात मूळ रंगाच्या दोन बाजूंना दोन रंग मिळतात. जास्त ऊर्जेचा रंग तापमानाबरोबर वाढतो, कमी ऊर्जेचा फारच कमी बदलतो. दोन्हींचं गुणोत्तर घेतलं की वाटेतलं वाकणं, जोड आणि लेझरचा चढउतार बहुतांशी कटतो. आपल्या दुसऱ्या फायबरचं काम इथं निसर्गानंच करून ठेवलं आहे.

इंदूरचं पाणी जलूदहून, ७० किलोमीटरवरून नर्मदेचं येतं. अशा पाइपाशेजारी फायबर पुरला तर गळतीनं माती गार झालेली जागा तापमानाच्या आलेखात खड्डा म्हणून दिसेल. एकच केबल आणि मीटर-मीटरचा थर्मामीटर.

इंदुरात कुठं बघाल

आपल्या गावाचं नशीब असं की हे काम करणारी मोठी प्रयोगशाळा सुखनिवासला आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. जुनी माणसं अजून 'कॅट'च (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी, हे जुनं नाव) म्हणतात, रस्त्याचं नावही तेच. पायाभरणी १९८४ ची, नवं नाव २००५ चं. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा वेगळे, सी. व्ही. रामन वेगळे; दर वर्षी कुणीतरी घोटाळा करतंच. इथं तांब्याच्या वाफेच्या लेझरपासून २५५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश करून ग्रेटिंग कोरली आहेत, आणि रामनवर चालणारा लांब पल्ल्याचा तापमान-सेन्सरही बनवला आहे. 'इंडस-२' हा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यांच्यापासून प्रकाश मिळवणारं यंत्र, तिथंच आहे. केंद्र संरक्षित आहे, सहज आत जाता येत नाही; राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, २८ फेब्रुवारीच्या, सुमारास विद्यार्थ्यांसाठी जो कार्यक्रम असतो त्यासाठी शाळा-कॉलेजमार्फत आधी नाव द्या. खंडवा रोडला विद्यापीठाचा फिजिक्स विभाग आणि सिमरोलला आयआयटी आहे. तिथल्या प्राध्यापकांना ई-मेल लिहिताना 'मला फायबर शिकायचं आहे' असं लिहू नका. चौथ्या पायरीतला एका रात्रीचा आलेख जोडा आणि खाली विचारा, की रेफरन्स लावूनही पहाटे साडेतीनला हे टेकाड का येतं. आमच्या मुलीला त्या पत्राचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि त्यात पहिला प्रश्न होता: दोन्ही फोटोट्रान्झिस्टर एकाच डबीत आहेत ना? नव्हते.